देपातोवाले लतीफभाई

लतीफभाई पावसकर सात वेळा जपानला जाऊन आले, पण त्यांनी फुजी पर्वत पाहिलेला नाही. एकदा तो आगगाडीच्या खिडकीतून अगदी स्वच्छ दिसत होता म्हणे. डब्यातली निम्मी माणसं उठून त्या बाजूला गेली. लतीफभाई आपल्या जागेवर बसून एका दुकानाचं माहितीपत्रक बघत होते. कुठल्या मजल्यावर काय मिळतं, ते.

"डोंगर काय पळून जातोय?" असं त्यांचं म्हणणं. "दुकान दहाला उघडतं. साडेदहाला गेलास तर ते उघडून झालेलं असतं."

दुकान म्हणजे साधं दुकान नव्हे. जपानमध्ये आठ-आठ, दहा-दहा मजल्यांची डिपार्टमेंट स्टोअर्स असतात. तळघरात खाऊ, तळमजल्यावर रुमाल आणि छत्र्या, मधे कपडे, वर भांडीकुंडी, गच्चीत झाडं. तिथले लोक त्याला 'देपातो' म्हणतात. लतीफभाईंना जपानीतले जे वीसेक शब्द येतात त्यातला हा पहिला, आणि माझ्या मते उरलेले एकोणीस त्यांनी ह्या पहिल्याच्या सेवेसाठी शिकून घेतलेले आहेत.

आमचं गाव राबिघ. जेद्दाहून उत्तरेला दोन तासांवर, एका बाजूला तांबडा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मधे तेलाचा कारखाना आणि आमची कॉलनी. मी तिथे पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतो, मूळचा नाशिकचा. लतीफभाई रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. कारखान्याचं मोठं गोदाम त्यांच्या ताब्यात आहे. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, शर्ट कायम इस्त्रीचा. बायको सफियाभाभी आणि मुलगी रुबीना गावी. हा माणूस सत्तावीस वर्षं इथे एकटा राहतोय, एवढीच आम्हाला त्यांच्या घराची माहिती होती. दोन मोठ्या मुलींची लग्नं झाल्याचे पेढे आम्ही खाल्ले होते. धाकटीबद्दल ते फारसं बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. परदेशात माणसं एकमेकांना पगार आणि घर ह्या दोन गोष्टी विचारत नाहीत.

राबिघमधलं मोठं सुपरमार्केट सकाळी आठला उघडतं. दर शनिवारी पावणेआठला लतीफभाई त्याच्या दारात उभे असतात. त्यांना काही घ्यायचं असतं असं नाही. दारावरच्या बांगलादेशी पहारेकऱ्याला आधी वाटलं, हा माणूस वरून तपासणीला पाठवलेला असावा. त्यामुळे तो शनिवारी दाढी करून यायला लागला. दार उघडलं की लतीफभाई कमरेत किंचित वाकून त्याला सलाम करतात. मग तोही वाकतो. मग आत जाऊन लतीफभाई लिंबं बघतात, कॅशपाशी उभ्या पोरांकडे बघतात, पोरं मोबाइल बघत असतात. लतीफभाई एक नि:श्वास सोडतात आणि म्हणतात, "देपातोत असं चालत नाही."

हे वाक्य आमच्या कॉलनीत म्हणीसारखं झालं आहे. बस उशिरा आली की कुणीतरी म्हणतं, देपातोत असं चालत नाही. इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, नूतनीकरण अडकलं, कफिलाच्या, म्हणजे तो परवाना देणाऱ्या मालकाच्या, ऑफिसात माणूस जागेवर नसला, तरी हेच. माझी मुलगी इरा त्यांना 'देपातो अंकल' म्हणते. तिची आई तिला रागावते, पण स्वतः परवा इस्त्रीवाल्याने ब्लाउज जाळला तेव्हा हेच वाक्य बोलली.

बोलण्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. लतीफभाईंनी देपातो गोदामात आणला.

गोदामात खिडकी असते. फिटर चिठ्ठी घेऊन येतो, खिडकीतून चिठ्ठी आत फेकतो, आतला माणूस बोल्ट नाहीतर पाइपाच्या जोडात बसवायची गॅसकेट बाहेर फेकतो. जगातली सगळी गोदामं अशीच चालतात. लतीफभाईंनी तिसऱ्या जपानवारीनंतर हे बंद केलं. चिठ्ठी दोन्ही हातांनी घ्यायची. माल ट्रेमध्ये ठेवून द्यायचा. "थांबावं लागलं, माफ करा" असं हिंदीत म्हणायचं आणि मान लववायची. खिडकीवर रोमेल नावाचा फिलिपिनो होता. त्याने कुरकुर न करता सगळं शिकून घेतलं, कारण त्याला वाटलं ही हिंदुस्थानी पद्धत आहे.

पहिल्याच दिवशी गुल जमान नावाचा पठाण फिटर गॅसकेट न्यायला आला. सहा फूट उंच, तीस वर्षांची नोकरी, ह्या काळात त्याच्यापुढे कुणी मान लववली नव्हती. रोमेलने गॅसकेट तपकिरी कागदात तिरप्या घडीने बांधून, ट्रेवर ठेवून, वाकून दिली. गॅसकेट तशीच सोडून गुल जमान सुपरवायझरकडे गेला आणि विचारता झाला की, मला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी पाठवायचा शिक्का, दिलंय का. नोकरी संपल्याशिवाय एखाद्याला इतका मान देतात हे त्याला पटेना. त्याची समजूत घालायला दुपार गेली.

पण पुढे तऱ्हा बदलली. महिन्याभरात दुसऱ्या युनिटचे फिटर स्वतःच्या गोदामाची वाट सोडून आमच्याकडे यायला लागले. दोन बोल्टसाठी उन्हातून एक किलोमीटर चालत यायचे. खिडकीशी पोचले की आधी हात पुसायचे. गुल जमान तर सहज येऊन जायचा, चिठ्ठी नसताना. कामाच्या ऐन घाईत मात्र एकदा घोटाळा झाला. पाइपलाइन उघडी, पंचवीस माणसं खोळंबलेली, आणि गॅसकेट आली ती फीत बांधून. फितीची गाठ सुटेना. आमचे सौदी सुपरिंटेंडेंट अबू फहद शांत माणूस आहेत. त्यांनी पान्याने फीत तोडली आणि दुसऱ्या दिवशी परिपत्रक काढलं की, यापुढे गॅसकेटला फीत बांधू नये. ते परिपत्रक लतीफभाईंनी फ्रेम करून टेबलामागे लावलं आहे. कागद त्यांना मान्य आहे, विशेषतः 'यापुढे' हा शब्द. म्हणजे यापूर्वी बांधली त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या वर्षी मला त्यांच्याबरोबर जपानला जायचा योग आला. ओसाकाजवळच्या एका कारखान्यात आमचा कॉम्प्रेसर तयार झाला होता. तो चालवून बघायला मी, आणि सुटे भाग मोजून पेट्यांवर सही करायला लतीफभाई. मधे एक रविवार मोकळा होता. मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला देवळांची यादी दिली होती. एक किल्लाही होता. शनिवारी संध्याकाळी मी ती यादी लतीफभाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, घडी घालून माझ्या खिशात ठेवली आणि सकाळी साडेआठला तयार राहायला सांगितलं.

पावणेदहाला आम्ही देपातोच्या दारात होतो. आमच्या आधी एक म्हातारं जोडपं येऊन थांबलं होतं. मी त्यांच्या पुढे जागा आहे म्हणून सरकायला लागलो तर लतीफभाईंनी माझी बाही धरली. पहिल्या नंबरावर उभं राहायचं नाही, घाई दिसते. दुसरा नंबर सगळ्यात चांगला. त्यांच्या खांद्याला सकाळपासून एक कापडी पिशवी होती. गाडीत त्यांनी ती मांडीवर ठेवली होती आणि मी धरतो म्हटल्यावर नको म्हणाले होते. मला वाटलं नमाजाची चटई असेल.

दहाला एक मिनिट कमी असताना टोप्या घातलेल्या दोन मुली काचेआड येऊन उभ्या राहिल्या. दहा वाजले. संगीत सुरू झालं, दारं सरकली, मुली वाकल्या. आत दोन्ही बाजूंना प्रत्येक काउंटरपाशी माणसं रांगेत उभी होती आणि आम्ही जसजसे पुढे जाऊ तसतशी ती वाकत होती. मोठे अनुभवी साहेबसुद्धा वाकत होते. मला काय करावं कळेना. मी निवडणुकीला उभा असल्यासारखा दोन्ही बाजूंना नमस्कार करत चाललो. लतीफभाई मात्र प्रत्येकापाशी थांबत, छातीवर हात ठेवत आणि मान लववत. प्रत्येकाशी वेगळी. तरुण मुलीला थोडी, पिकल्या केसांच्या माणसाला जास्त. सरकत्या जिन्यापर्यंतचं अंतर चाळीस पावलांचं असेल. आम्हाला वीस मिनिटं लागली. म्हातारं जोडपं तोवर वस्तू घेऊन परत निघालं होतं.

मग तळघर. तिथे खाण्याचे शे-दीडशे काउंटर आणि प्रत्येकापुढे चाखायला ठेवलेली ताटली. लतीफभाईंना डुकराचं आणि दारूचं चालत नाही, मला मांस-मच्छी चालत नाही. जपानी स्वैपाकात ह्यातलं काही ना काही कशातही असतं. आम्हा दोघांची पथ्यं एकत्र केली तर जगात फळं आणि पाणी उरतं. लोणच्याच्या काउंटरवरच्या बाईला लतीफभाईंनी आपल्या वीस शब्दांत हे समजावलं. ती बाई भिंग घेऊन एकेका बरणीमागची बारीक अक्षरं वाचत बसली. मग कुठेतरी धावत गेली. चांगल्या पंधरा मिनिटांनी परत आली ती हाताने लिहिलेला कागद घेऊन. शेजारच्या काउंटरवरच्या सगळ्या मिठायांमधून तिने दोन शोधून काढल्या होत्या, ज्यांत फक्त लाल चवळीसारखं काहीतरी आणि साखर होती. लोणचं तिचं होतं, मिठाई दुसऱ्याची. तिला त्यातून काही मिळणार नव्हतं.

मी मिठाई तोंडात टाकली. पुरण होतं. नाशिकमध्ये जन्मलेल्या माणसाची ह्यात चूक होत नाही. मी तसं म्हटलं, तर लतीफभाई शांतपणे म्हणाले, "पुरणच आहे. पोळी अजून ह्यांना सुचली नाही. सुचेल."

साडेअकराच्या सुमाराला त्यांनी मला सातव्या मजल्यावर सोडलं. तिथे सुऱ्या आहेत, किसण्या आहेत, भाताची भांडी आहेत, तू इंजिनियर आहेस, तुला बघण्यासारखं खूप आहे, असं सांगितलं. एक वाजता तळमजल्यावर चौकशीच्या टेबलापाशी भेटायचं ठरलं. आणि पिशवी सावरत ते खाली गेले. सकाळपासून मला बरोबर फिरवणारा माणूस एकदम वाटेला लावतोय हे माझ्या लक्षात आलं, पण किसण्या खरोखरच चांगल्या होत्या.

किसण्या बघायला तरी किती वेळ लागतो? अर्ध्या तासात मी कंटाळलो आणि एकेक मजला उतरत निघालो. चौथ्या मजल्यावर बायकांची पादत्राणं होती. सरकत्या जिन्यावरून मला लतीफभाईंचं डोकं दिसलं. मी उतरलो.

लतीफभाई एका खुर्चीत बसले होते. त्यांच्यासमोर मखमली बैठकीचं एक बुटकं स्टूल होतं. त्या स्टुलापुढे पन्नाशीची एक विक्रेती गालिच्यावर गुडघे टेकून बसली होती, हातात मोजपट्टी. आणि स्टुलावर वर्तमानपत्राच्या कागदाची कापलेली दोन पावलं होती. उजवं नेहमीसारखं. डावं आखूड, आतल्या बाजूला वळलेलं. कागदावरची मराठी अक्षरं मला जिन्यापासून वाचता येत होती. वरून एसीचा वारा येत होता म्हणून लतीफभाईंनी डाव्या पावलाच्या टाचेवर एक बोट ठेवलं होतं.

परत फिरावं असं माझ्या मनात आलं, पण त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. शेजारच्या खुर्चीकडे मान करून म्हणाले, "बस गायधनी. हे आमच्या रुबीनाचे पाय."

मी बसलो. मोरिताबाईंनी (हे त्या विक्रेतीचं नाव) मला बसल्या जागेवरून वाकून नमस्कार केला आणि पुन्हा कागदाचा चवडा मोजायला घेतला. पाय खरोखरच समोर असावा तसं चाललं होतं. कागद उचलायचा झाला तर ती तळहात खाली घालून उचलत होती.

लतीफभाईंनी मग सांगितलं ते सगळं असं. रुबीनाचा डावा पाय जन्मापासूनच लहान आणि वाकडा. लहानपणी दोन शस्त्रक्रिया झाल्या, चालायला लागली. आता अठ्ठावीस वर्षांची आहे, गावातल्या शाळेत शिकवते, मुलं तिला घाबरतात म्हणे. पायात दवाखान्याचे बूट असतात. काळे, जाड, घोट्यापर्यंत पट्टे. पाय त्यात ठीक राहतो, पण माणूस समोर आला की आधी बूट बघतो. लग्नासाठी बघायला आलेल्या दोन्ही घरच्यांनी बूटच बघितले. रुबीनाचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते तिने बापाला एकदाच सांगितलं होतं.

"तिला दवाखान्यातले नकोत," लतीफभाई म्हणाले. "तिला दुकानातले पाहिजेत."

दुकानात दोन मापांचे दोन बूट कोण देतो? त्यांनी रत्नागिरीत विचारलं होतं, मुंबईत विचारलं होतं, जेद्दाच्या मॉलमध्ये विचारलं होतं. एका ठिकाणी दोन जोड घ्या आणि एकेक टाकून द्या म्हणाले. एका ठिकाणी पोरगा हसला. मग नऊ वर्षांपूर्वी, जपानला जायची त्यांची दुसरी वेळ, ते सहकाऱ्यांसाठी रुमाल घ्यायला ह्याच देपातोत आले होते आणि जिना चुकून चौथ्या मजल्यावर पोचले. मोरिताबाई पुढे आल्या. लतीफभाईंना भाषा येत नव्हती. त्यांनी बिलाच्या पाठीवर दोन पावलं काढून दाखवली, एक लहान, एक मोठं. ती बाई चित्राकडे बघत राहिली, मग तिने स्टूल ओढलं, चित्र त्यावर ठेवलं आणि खाली गुडघ्यांवर बसली.

"तिथून मग मी जपानचं काही दुसरं बघितलं नाही," ते म्हणाले.

पहिला जोड तयार होऊन आला तेव्हा रुबीनाने फोनवर सांगितलं, अगदी छान बसला अब्बा. चार वर्षांनी दुसरा जोड गेला. तोही अगदी छान बसला. पुढच्या रजेत लतीफभाई घरी गेले आणि पलंगाखाली त्यांना दोन्ही जोड दिसले. माणूस गोदामातला. त्यांनी उलटे करून तळ बघितले. तळ कोरे होते. दोन्ही जोडांच्या तळांना धूळ लागलेली नव्हती. रुबीना शाळेतून यायच्या आत त्यांनी ते होते तसे ठेवून दिले आणि तिला काही बोलले नाहीत. सफियाभाभींनी नंतर सांगितलं, डावा घोट्याला घासतो, रक्त येतं, पण अब्बांना कळू द्यायचं नाही अशी तिने शपथ घातली होती.

मोरिताबाईंना त्यांनी हे कसं सांगावं ह्याची काळजी केली होती. तक्रार वाटता कामा नये. आदल्या खेपेला त्यांनी भाभींकडून गुपचूप मागवून घेतलेले ते बूटच समोर ठेवले. त्या बाईने घोट्यापाशी आतून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, माप कसं घेतलं होतं? सफियाभाभींनी रुबीनाला खाटेवर बसवून पाय कागदावर ठेवला होता. चूक तिथे होती. पायावर भार नसताना माप घ्यायचं नसतं.

म्हणून ह्या वेळी लतीफभाईंनी स्वतः रजेत घरी जाऊन माप घेतलं होतं. मुलीला उभी करून. एक सकाळी उठल्यावर, एक दुपारी, एक शाळा सुटल्यावर, कारण दिवसभरात पाय सुजतो. पिशवीत तीन पारदर्शक फाइली होत्या आणि प्रत्येकीवर गोदामातल्यासारखी चिठ्ठी चिकटवलेली. 'डावा व उजवा, शाळा सुटल्यावर.' स्टुलावर होती ती ही जोडी.

मोजून झाल्यावर मोरिताबाईंनी फोन काढला. त्यातलं भाषांतराचं यंत्र हिंदी बोलत होतं, तेही फार शुद्ध. यंत्राने विचारलं, माननीय सुपुत्री की क्या अभिलाषा है? लतीफभाई म्हणाले, पाय दुखू नये. मोरिताबाईंनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुखू नये हे झालं, पण तिला कसे हवेत? रंग? टाच? पुढे काय?

आजवर दोनदा बूट झाले, मुलीला हे लतीफभाईंनी विचारलंच नव्हतं. दुखू नये ह्यापलीकडे ते गेलेच नव्हते. मी घड्याळ बघितलं, रत्नागिरीत सकाळचे पावणेनऊ वाजत होते. रविवार, शाळा नाही. "विचारा ना," मी म्हटलं.

त्यांनी फोन लावला. मोठ्या आवाजावर ठेवला, मोरिताबाईंनाही ऐकू जावं म्हणून. रुबीनाला आधी काही समजेना, अब्बा सकाळी सकाळी जपानहून बुटाचा रंग का विचारतात.

"वांगी रंगाचे," ती म्हणाली. "आणि अब्बा, त्यांचा आवाज आला पाहिजे. चालताना टकटक. ह्या रबराच्यांचा आवाज होत नाही. वर्गात जाते तेव्हा मुलांना कळायला पाहिजे ना, बाई आल्या."

लतीफभाईंनी हे यंत्राला सांगितलं, यंत्राने मोरिताबाईंना सांगितलं. 'टकटक'चं यंत्राने काय केलं कोण जाणे, पण मोरिताबाई उठल्या, शेजारच्या मांडणीवरून वेगवेगळ्या टाचांचे पाच-सहा बूट आणले, गालिच्याच्या कडेला लाकडी फरशीवर बसल्या आणि एकेक बूट हातात घालून फरशीवर आपटून दाखवायला लागल्या. लतीफभाई फोन पुढे धरून बसले. पलीकडून रुबीना सांगत होती, हा नको, हा फार मोठा, हा, हा, हा परत. आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघत होती. आम्ही दोन वाजता तिथून निघालो. किल्ला राहिला.

जोड दोन महिन्यांनी कुरियरने राबिघला आला. लतीफभाईंनी खोका उघडला नाही. रजेवर निघालेल्या एका राजापूरच्या माणसाबरोबर तो तसाच गावी पाठवला. त्यानंतर त्यांनी घरी बुटाचा विषय काढला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, मी विचारलं तर ती छान बसले म्हणेल. मग मला काय कळलं? कामात त्यांचं लक्ष नव्हतं. एक पूर्ण आठवडा रोमेल ट्रेशिवाय माल देत होता आणि त्यांना कळलं नाही.

थंडीत त्यांनी सफियाभाभी आणि रुबीनासाठी व्हिजिट व्हिसा काढला. जेद्दाच्या विमानतळावर त्यांना आणायला मी माझी गाडी घेऊन गेलो, कारण लतीफभाईंच्या मते सामान जास्त असणार होतं. खरं म्हणजे त्यांना त्या दिवशी स्वतः गाडी चालवायची नव्हती. वाटेत ते जेमतेम दोन वाक्यं बोलले. भाभींनी सवयीप्रमाणे रुबीनासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, असं त्यातलं एक.

विमान वेळेवर उतरलं. दारातून आधी उमऱ्याला निघालेल्या मक्केच्या यात्रेकरूंचे मोठे गट बाहेर आले, मग कामगार, मग बराच वेळ कुणी नाही. मग चाकाची खुर्ची आली. विमानतळाचा माणूस ती ढकलत होता आणि तिच्यावर दोन बॅगा, एक फणसाच्या पापडांचा डबा आणि भाभींची पर्स होती. खुर्चीच्या एका बाजूला भाभी. दुसऱ्या बाजूला, थोडी पुढे, एक उंच मुलगी चालत येत होती, किंचित लंगडत, मान ताठ ठेवून. विमानतळाच्या गोंगाटात बुटांचा आवाज येत होता की नाही हे मला खरंच सांगता येणार नाही. रंग मात्र वांगी होता.

लतीफभाईंनी बुटांकडे बघितलं नाही. ते वर लावलेला विमानांच्या वेळांचा फलक वाचत होते. रुबीनाने येऊन त्यांना सलाम केला, त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, मला 'कसे आहात काका' म्हणाली. भाभी पापडांबद्दल काही सांगायला लागल्या. लतीफभाईंनी त्या बोलून होईपर्यंत वाट पाहिली. मग फलकाकडेच बघत विचारलं, "चावतात का?"

"हो, चावतो ना," रुबीना म्हणाली. "मुंबईपासून चावतोय. उजवा."

लतीफभाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. "उजवा?"

"उजवा. करंगळीपाशी. डाव्याचं काही नाही. नवे आहेत, चावणारच की अब्बा."

"होय," लतीफभाई म्हणाले. "नवे आहेत. सैल होईल."

एवढं बोलून त्यांनी खुर्ची ढकलणाऱ्या माणसाच्या हातून खुर्ची घेतली आणि बॅगांसकट ती ढकलत निघाले. पार्किंग डावीकडे होतं, ते उजवीकडे चालले होते. भाभी त्यांना हाक मारणार होत्या, पण रुबीनाने आईचा हात धरला. आम्ही तिघंही त्यांच्यामागून उजवीकडे चालायला लागलो.